पडद्याकडे पाठ

तांडेल पिक्चरला गेले की पहिल्या रांगेतलं तिकीट काढायचे आणि पडद्याकडे पाठ करून बसायचे. खुर्चीत आडवं बसायचं, एक हात मागे खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, मान वळवायची आणि दिवे गेले की पिक्चर संपेपर्यंत लोकांच्या तोंडाकडे बघत राहायचं. बोईसरच्या त्या जुन्या थिएटरातला डोअरकीपर त्यांना ओळखून होता. नवख्या माणसाला मात्र वाटायचं, हा इसम आपल्यावरच डोळा ठेवून आहे. एकदा एकजण भर पिक्चरात तणतणत पुढे आला, माझ्या बायकोकडे काय बघतोस म्हणून. तांडेल त्याला शांतपणे म्हणाले, "बायकोकडं नाय, तुमच्याकडं बघत होतो. गाणं लागलं का तुमी मोबाईल काढता. तिला गाणं आवडतंय, तिच्याबरोबर जरा बघा की." तो भांडण विसरून जागेवर जाऊन बसला. पुढच्या गाण्याला मोबाईल खिशातच ठेवला त्याने.

फॅक्टरीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. राहायचे जवळच्या मुरब्याला, मच्छीमारांच्या वस्तीत. पूर्वी घरची बोट होती आणि तिच्यावर ते स्वतः तांडेल, म्हणजे बोटीचे मुख्य. मग मासळी कमी झाली, डिझेल परवडेना, बोट विकली आणि बोईसरच्या एमआयडीसीत आमच्या रंगाच्या फॅक्टरीत स्टोअरला लागले. बोट गेली तरी तांडेल हे नाव काही सुटलं नाही. मी सांगलीकडून तिथे लॅबमध्ये नोकरीला गेलो होतो, म्हणून मी त्यांच्या लेखी कायमचा 'सांगलीवाले'. मला बोईसर कधी आवडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. हवेला कसलातरी आंबूस वास, जेवणात सगळीकडे मासळी आणि रविवार खायला उठायचा. गावात करण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, एक पिक्चर बघणं आणि दुसरी बघितलेल्या पिक्चरवर बोलणं.

ते बोलणं सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये चालायचं. ऑपरेटर, पॅकिंगवाले, मेंटेनन्सवाले, ज्याला स्वतःच्या घरात कोणी विचारत नाही तोसुद्धा तिथे ठासून मत द्यायचा. तांडेल डब्यातला सुका जवळा आणि भाकरी खात सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. स्वतःचं मत कधी दिलं नाही. ऐकून झालं की समोरच्याला त्यांचा एकच प्रश्न असायचा, "पिक्चर कसा हाय ते ऱ्हाऊ दे. तू हसलास कुठं, ते सांग." उत्तरेकडून आलेल्या पोरांसाठी त्याचं हिंदीही तयार होतं, "तू हसा किधर?" पोरं बावचळायची. पिक्चरची गोष्ट सांगता येते, आपण कुठे हसलो ते सांगायला जीभ रेटत नाही, हे मलाही त्यांच्यामुळेच कळलं.

"पिक्चर सगळ्यांना एकच," ते म्हणायचे. "हसायची जागा ज्याची त्याची. रडायचं तर माणूस ठरवून पण रडतो. हसू सुटतं, ते खरं."

या खुळाचं मूळ त्यांनी मला एकदा सांगितलं. "आमच्यात बोट किनाऱ्याला लागताना बायका जाळ्याकडं बघत नाय. वरच्या माणसांची तोंडं बघतात. तोंडावरनं कळतं, मासळी हाय का नाय. मी ल्हानपणापासून आईच्या बाजूला उभं राहून तेच शिकलो." मग म्हणाले, "आणि मी बोटीवर गेलो तेवा बापानं उलटं शिकवलं. रिकामी बोट आणलीस तरी किनाऱ्यावर तोंड पाडायचं नाय. गाव बघतो. काय रडायचं ते घरात जाऊन रड. माझ्या पोरीला पण मी तेच शिकवलंय." हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

त्यांची विद्या कधीकधी खरी ठरायची. आमच्या परचेसच्या साहेबांना एकदा ते स्टोअरच्या खिडकीतून म्हणाले, साहेब, आईला गावावरनं घेऊन या. साहेब चपापले. आदल्या दिवशीच्या पिक्चरमध्ये म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढतात तेव्हा सगळं थिएटर हळहळत होतं आणि साहेब एकटेच हसले होते. दिवाळीच्या आत साहेबांच्या आई बोईसरला राहायला आल्या. नेम चुकायचाही. बॉयलरवरचा एक पोरगा पिक्चरभर गालाला हात लावून बसला, तर यांनी त्याला प्रेमभंग झालाय असं ठरवून टाकलं. आठवडाभर सगळी फॅक्टरी त्याच्याशी हळुवार वागली. शेवटी त्याने वैतागून सांगितलं की त्याची दाढ दुखतेय. आम्ही पोट धरून हसलो. तांडेल मात्र हसले नाहीत. माणूस वाचायला आपण चुकतो हे त्यांना कधी कबूलच करायचं नव्हतं. त्याची किंमत त्यांच्या मुलीने मोजली.

मुलगी एकुलती एक. आई लवकर गेली, तांडेलनीच तिला वाढवलं. दोघं मिळून पिक्चरला जायची. ती पडद्याकडे बघायची आणि हा बाप तिच्याकडे. तिच्यासाठी स्थळ आलं ते बोईसरचंच. मुलगा एका ठेकेदाराकडे सुपरवायझर, उंच, गोरा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल. बघताक्षणी कोणीही पसंत करावा असाच होता, मी बघितलाय. आपल्यात अशा वेळी चौकशी करतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात, मुलगा कामाला असेल तिथला कोणी ओळखीचा गाठतात, अगदी नाक्यावरच्या पानवाल्यालाही बोलतं करतात. तांडेलनी यातलं काही म्हणता काही केलं नाही. ते मुलाला घेऊन पिक्चरला गेले.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये आले ते फुललेलेच. "पास झाला," म्हणाले. "हसायच्या जागी हसला. हिरोची आई मेली तेवा डोळे पुसले. मी नजर हलवली नाय त्याच्यावरनं." मी त्यांना म्हटलं, तांडेल, तुम्ही थिएटरात तोंडं बघता हे अख्ख्या बोईसरला ठाऊक आहे, त्या मुलाला ठाऊक नसेल कशावरून? ते माझ्यावर चिडले. चार दिवस माझ्या लॅबचं सामान त्यांनी सगळ्यात शेवटी काढून दिलं. पुढे लग्न झालं. आम्ही सगळे जेवून आलो. जोडा दृष्ट लागेल असा दिसत होता.

मग हळूहळू मुलीचं माहेरी येणं कमी झालं. मुरबे आणि बोईसर यांच्यात अंतर ते किती, पण कधी जावयाला सुट्टी नाही, कधी पाहुणे आलेत, कधी तिला बरं नाही. तांडेल तिच्या घरी गेले की जावई दारातच हसतमुखाने उभा, चहा लगेच, आणि मुलगी आत. फोन रोज व्हायचा. मी विचारायचो, काय म्हणते मुलगी? ते सांगायचे, "बरं हाय म्हणते." मग आपणच म्हणायचे, "फोनवर तोंड कुठं दिसतं?"

"व्हिडिओ कॉल करा की."

"करतो. जावई मागं उभा असतो."

त्यांना एवढंच हवं होतं, की तिला कळू न देता एकदा तिचं तोंड बघायला मिळावं. पोर सुखात आहे की नाही हे कळावं. नसेल तर घरी आणायची. हे ते दर दोन दिवसांनी मला सांगायचे आणि मी उगीच काहीतरी धीराचं बोलायचो. जेवताना त्यांचा डबा आता अर्धा तसाच परत जायचा.

अशातच तो पिक्चर आला. चोर आणि खुनी असलेला हिरो, त्याच्यावर जीव टाकणारी हिरॉईन, परदेशातले ओले रस्ते, लांबलचक गाड्या, पांढरा सूट, आणि खून करतानाही हिरोचा भांग मोडत नाही. बोईसर वेडं झालं होतं. सोमवारी कँटीनमध्ये दुसरा विषय नाही. पॅकिंगचा पोरगा म्हणाला, "भाई, क्या एंट्री मारी है." लॅबमधल्या आमच्या मॅडम म्हणाल्या, गोष्टीत काही दम नाही, पण दिसतो किती देखणा. मेंटेनन्सवाले म्हणाले, शेवट पटत नाही, गाणी बरी आहेत. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत, की रुमालाचा सीन बघावा. हिरोला संशय येतो की हिरॉईनने पोलिसांना खबर दिली. तो तिच्या थोबाडीत मारतो, आणि मग खिशातला रेशमी रुमाल काढून तिच्या ओठावरचं रक्त अगदी अलगद पुसतो. "उसमें तो पूरा हॉल सीटी मारता है," पॅकिंगवाला म्हणाला.

तांडेलनी त्या दिवशी कोणाला काहीच विचारलं नाही. जेवण झाल्यावर मला बाजूला घेऊन मोबाईल दाखवला. जावयाने पिक्चरच्या तिकिटांचा फोटो स्टेटसला लावला होता आणि खाली लिहिलं होतं, रविवारी दुपारी पुन्हा, बायकोसोबत.

"येता का?" ते म्हणाले. "मना एकट्याला भ्या वाटतंय."

समुद्रात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने असं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? मी गेलो.

दिवे जाता जाता आम्ही आत शिरलो आणि पहिल्या रांगेत बसलो. तांडेल नेहमीसारखे वळले. मीही थोडा वळून बघितलं. ती दोघं मधल्या रांगेत होती. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडत होता आणि तोंड छान होतं, नीट, हसरं म्हणावं असं. तांडेलांचा श्वास जरा खाली बसल्यासारखा झाला. मग तो सीन आला. चापट वाजली आणि सगळ्या थिएटरने शिट्या मारल्या. आणि त्या शेकडो हसऱ्या तोंडांमध्ये तिचा एकटीचा कोपर झटकन वर आला, तोंडाच्या आडवा, गालावर काही येतंय ते अडवावं तसा. जावई शिट्टी मारत होता. त्याने पडद्यावरची नजर न काढता तिचा हात धरून खाली घेतला.

 मी खुर्चीच्या पाठीवरचा तांडेलांचा हात नुसता धरून ठेवला.

मध्यंतरात ते सरळ वड्याच्या काउंटरकडे गेले. जावई त्यांना बघून दचकला, पण लगेच सावरला. "अरे पप्पा, तुम्ही? कसा वाटतोय पिक्चर?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगत सुटला, कॅमेरा काय, म्युझिक काय. तांडेल मुलीकडे बघत होते. म्हणाले, "बाय, तू कुठं हसलीस?"

हा प्रश्न ऐकतच ती मोठी झाली होती. तिने हातातली कागदाची डिश दुमडली. मग अगदी हळू म्हणाली, "अजून नाय, बाबा."

घंटा झाली. जावयाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती आत गेली. आम्हीही गेलो. उरलेला अख्खा पिक्चर तांडेल तिच्याकडे बघत होते आणि आता तीही पडदा सोडून त्यांच्याकडे बघत होती. पडद्यावर गोळ्या सुटत होत्या, गाड्या जळत होत्या, लोक ओरडत होते. ही दोघं एकमेकांना बघत बसली होती. माझ्याने ते बघवेना, म्हणून मी पिक्चर बघितला. काय बघितलं ते आठवत नाही.

बाहेर आलो तर गेटपाशी एक चष्मेवाला तरुण माइक आणि मोबाईल घेऊन उभा होता. हल्ली असतात तसे, पिक्चर बघून येणाऱ्यांची मतं घेऊन आपल्या चॅनेलवर टाकणारे. त्याने जावयालाच गाठलं. असा देखणा माणूस कोण सोडील? जावई गॉगल चढवून, बायकोच्या खांद्यावर हात टाकून बोलला, "एक नंबर. पैसा वसूल. आणि रुमालाच्या सीनला नावं ठेवणाऱ्यांना प्रेम कळलेलंच नाही. जिथं हक्क असतो, तिथंच हात उठतो."

"आणि मॅडम, तुम्हाला?"

तिने जावयाकडे बघितलं नाही. माइककडे बघत म्हणाली, "मारल्यावर त्या रात्री ती झोपली कशी, ते नाय दाखवलं. ते दाखवायला पायजे होतं."

"मस्त पॉइंट," चष्मेवाला हसला आणि पुढच्या माणसाकडे वळला. जावई तिच्या कानाशी काहीतरी म्हणाला, हसऱ्या तोंडानेच. तिने खांद्यावरचा त्याचा हात काढला आणि ती तांडेलांच्या स्कूटरवर जाऊन बसली. तांडेलांना किल्ली सापडेना. ती त्यांच्या हातातच होती, मी दाखवली. जावई भर गर्दीत उभा होता, लोक बघत होते, शर्टाची इस्त्री मोडू न देणारा माणूस तो, काय करणार? त्याने हात हलवून निरोप दिला, जणू त्यानेच तिला माहेरी पाठवलं होतं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मुलगी सुटली, बापाने सोडवली, असं म्हणून मीही मोकळा झालो असतो. पण आठ-पंधरा दिवसांनी मी मुरब्याला त्यांच्याकडे गेलो तेव्हा घरात कोणी मेल्यासारखी शांतता होती. अंगणापलीकडे दोऱ्यांवर बोंबील वाळत टाकले होते. मुलीने चहा आणून दिला, माझ्याशी चांगली बोलली, सांगलीला यंदा पाऊस कसा झाला म्हणून विचारलं. गालाखालचा जुना डाग आता जवळून दिसत होता. बापाशी मात्र ती बोलत नव्हती, आणि बाप तिच्याकडे बघत नव्हता. ज्या माणसाने जन्मभर लोकांची तोंडं वाचली, तो तिने कप ठेवला की दाराबाहेर बघायचा.  मी पुढची रिक्षा पकडून परत आलो.

पिक्चरला जाणं त्यांनी बंद केलं. कँटीनमध्ये बसणंही बंद. जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमध्ये पिंपांच्या मागे स्टूल टाकून मोबाईल बघत बसायचे. काय बघतात म्हणून मी एकदा वाकलो. तो चष्मेवाल्याचा व्हिडिओ होता. तो चांगलाच चालला होता, आणि चालला होता तो तिच्यामुळे. खाली लोकांनी मतं दिली होती. ताई, पिक्चर आहे हा, मनावर घेऊ नका. हिला कोणीतरी रुमाल द्या. नवरा बघा कसला स्मार्ट आणि बायको बघा. एवढं वाईट वाटतं तर घरी बसून मालिका बघायच्या. प्रत्येकाच्या पुढे हसणारी पिवळी तोंडं. तांडेल एकेका ओळीखालून बोट फिरवत वाचत होते.

"बघा," ते म्हणाले, "कुठं हसलेत बघा."

मी मोबाईल काढून घ्यायला गेलो तर त्यांनी घट्ट धरून ठेवला. मग जरा वेळाने आपण होऊन माझ्या हातात दिला. "मना मराठी टाइप नाय येत. मी सांगतो, तुमी लिवा."

ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. त्यांच्या बोलण्यातला शब्द न बदलता लिहिलं. ही माझी पोरगी हाय. पोरगा मी पसंत केला. कोणाला विचारलं नाय. लग्नानंतर नारळी पुनवेला ती घरी आली होती. सासरी परत जायच्या दिवशी सकाळपासून तोंड हसरं ठेवून होती, मीच शिकवलेलं. जाणार नाय असं ती म्हणाली नाय. पण चप्पल घालायला लय वेळ लावत होती. उंबऱ्यावर बसून पट्टा लावायची, काढायची. मी स्कूटर चालू करून बसलो होतो. मी हॉर्न वाजवला.

एवढं सांगून ते थांबले. मी विचारलं, अजून काही? त्यांनी मान हलवली. मी ते व्हिडिओखाली टाकलं. बाहेर फोर्कलिफ्ट फिरत होती. सुट्टी संपायच्या आत खाली उत्तर आलं. कोणीतरी लिहिलं होतं, काका, पिक्चर कसा आहे ते सांगा.

मला संताप आला. त्याला चार शिव्या लिहून टाकाव्यात म्हणून मी मोबाईल उचलला, तर तांडेलनी माझा हात धरला. "त्याचं बरोबर हाय," म्हणाले. "तिथं पिक्चरचंच विचारतात." मग स्वतः सांगितलेल्या त्या ओळींखालून एकदा बोट फिरवलं. "पुसता येतं काय ते?"

"येतं. पुसू?"

"नको," ते म्हणाले. "राहू दे. ती बघेल कवातरी."